कोपर सरळ

वाटीतल्या कोमट पाण्यात शिट्टी बुडायला तयार नव्हती. बोटानं दाबली की खाली जायची, तिच्या चिरेतून दोनतीन बुडबुडे सुटायचे, आणि बोट काढलं की पुन्हा वर, कुशीवर कलंडून. तोंडात धरायच्या टोकावरचं काळं रबर दातांनी चावून चावून पार झिजलं होतं — पण फक्त डावीकडून. उजवीकडं एकही खूण नाही. अंजुम त्या रबराकडं बघत राहिली. म्हणजे आपण डाव्या दाढेनं चावतो... आणि चावतो ते नेमकं कधी, तर शिट्टी फुंकायच्या आधी, जेव्हा सगळं दिसलेलं असतं, कळलेलं असतं, फाऊल आहे यात तिळभर शंका नसते, तरीसुद्धा दात आधी रबरात रुततात आणि मग श्वास सुटतो. आधी चावा, मग आवाज. त्या चाव्यात मी कोणाच्या परवानगीची वाट बघते?

न्हाणीघरात तिच्या नवऱ्याच्या, रमीजच्या अंगावर पाणी पडत होतं. सुप्याच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तो नुकताच आला होता. तिनं शिट्टी पुसून ओट्यावर ठेवली, दूध गॅसवर चढवलं, आणि दूध वर येईपर्यंतच्या वेळात मोबाईल उघडून ती क्लिप पुन्हा लावली. आवाज बंद करून. वारे सरांनी तसंच सांगितलं होतं.

ती नगरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहायची. नियम तोंडपाठ, नजर चांगली, पळायला कमी नाही. पण राज्याच्या पंचांमध्ये नाव जायचं म्हणजे निरीक्षकाची पसंती लागते, आणि निरीक्षक अजिनाथ वारे यांनी श्रीरामपूरचा तिचा सामना बघून तिला फक्त ही क्लिप पाठवली होती, खाली एक ओळ — आवाज बंद करून बघा. तिनं बघितली होती. क्लिपमधली अंजुम धावत येते, थांबते, हात वर जातो. फाऊलची बंद मूठ. बरोबर. पण वर गेलेला हात तिथं टिकत नाही. कोपरात मोडतो, मूठ अर्धी उघडते... गर्दीत कोणाला धक्का लागल्यावर बाईमाणूस करतं ना, सॉरी हं, चुकून लागलं, तसा काहीतरी तो हात करतो आणि खाली येतो. आणि डोळे. डोळे ना खेळाडूकडं, ना गुणलेखकाच्या टेबलाकडं. ते एका बाकाकडं जातात, जिथं पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस मांडीवर हात ठेवून अगदी शांत बसलेला आहे.

तिनं वारे सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "निर्णय बरोबर आहे हो तुमचा. सगळेच बरोबर आहेत. पण हात माफी मागतोय."

"मग काय करू सर?"

"खांद्यापासून उचला. कोपर सरळ. आणि वर गेला की एक श्वास तिथंच ठेवा. लोकांना बघू द्या. घाई कसली आहे?"

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याला काही करायला लावू नका. त्याला सुट्टी द्या."

तेव्हापासून तिनं हात शिकायला घेतला, लहान मूल अक्षर गिरवतं तसा. गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभं राहून. बंद मूठ फाऊलची, उघडा पंजा नियमभंगाचा. चौदा नंबरच्या खेळाडूसाठी उजवी मूठ आणि डावीची चार बोटं. ढकलल्याची खूण, अडवल्याची खूण, आणि मग दिशा — हात असा लांब, की बोटाच्या टोकापाशी काही उरू नये. हात दुखायचा. दुखू दे. पण नुसत्या हातानं भागणार नव्हतं, कोणी समोरून तुटून पडल्यावर तो टिकतो का ते बघायला हवं होतं, म्हणून एका संध्याकाळी तिनं रमीजला समोर उभं केलं आणि सांगितलं, मला शिव्या द्या, चिडलेल्या कोचसारख्या. रमीज मुळात लाजाळू माणूस. त्याला शिव्याच सुचेनात.

"ओ मॅडम... डोळे घरी ठेवून आलात काय?"

तिची मूठ वर. कोपर सरळ. चेहरा सुट्टीवर.

"पैसे खाल्ले काय समोरच्याचे?"

कोपर सरळ. तो हसायला लागला. म्हणाला, तुला तर काहीच होत नाही. आणि मग त्याला काय सुचलं कोणास ठाऊक, त्यानं खांदे जरा पाडले, मान एका बाजूला केली आणि हळू, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पोरी... बघ की जरा."

हात खाली आला. तिला कळायच्या आत आला. आणि तिला एवढा राग आला रमीजचा, त्या गंमतीचा, की ती तशीच जिना उतरून आली आणि नुकत्याच धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुवायला लागली. तो मागे येऊन दारात उभा राहिला होता. "चुकलं का माझं काही?" ती म्हणाली, नाही. खरंच नव्हतं चुकलं. त्यानं फक्त बोट नेमकं तिथं ठेवलं होतं.

दूध उतू गेलं.

गॅस पुसत असतानाच फोन वाजला, आणि पडद्यावर नाव बघायच्या आधी तिला माहीत होतं, आप्पासरांचाच.

"पोरी, आज फायनलला तू हायेस म्हनं."

"हो सर."

"लई बरं झालं. परकं मानूस असलं की जिवाला घोर. तू हायेस म्हनल्यावर मी निवांत." मागे कुठंतरी टेम्पोचं इंजिन धडधडत होतं, मुलींचा कलकलाट. "निघालोच आमी कोल्हारातनं. जेवलीस का?"

"अजून नाही सर."

"जेव. उपाशीपोटी पळू नको."

फोन ठेवल्यावर ती तो एक शब्द धरून बसली. निवांत. ते काही मागत नव्हते. त्यांनी आजवर कधी काही मागितलंच नव्हतं... तेच तर. मागितलं असतं तर देऊन मोकळी झाले असते, नाहीतर नाही म्हणून भांडून मोकळी झाले असते. खरं तर तिनं हा सामना टाळायचा प्रयत्न केला होता. जोडीचा पंच सुनील सगळ्यांच्या नेमणुका करायचा, त्याला ती म्हणाली होती, मला यात घालू नका, कोल्हारचा संघ आप्पासरांचा आहे आणि आप्पासर माझे गुरू आहेत. सुनील हसला होता. "मॅडम, जिल्ह्यात बास्केटबॉल खेळलेलं निम्मं माणूस त्यांच्याच हाताखालून गेलंय. मीपण गेलोय. मग काय शिट्टी वाजवायला बाहेरून माणसं आणायची?" ते खरं होतं. पण सुनीलचा हात मोडत नाही. सुनीलसाठी कोणाला कोणाच्या दारात जाऊन बसावं लागलं नव्हतं.

अब्बांच्या दारात आप्पासर बसले होते. अल्लाबक्ष वेल्डर म्हणून अब्बांचं कोल्हारला, मनमाड रस्त्याला लागून दुकान. शाळेसाठी बास्केटची रिंग करून घ्यायला सर तिथं आले, सुतळीनं माप दाखवलं, आणि डबा घेऊन आलेल्या उंच पोरीकडं बघून म्हणाले, हिला पाठवा की ग्राउंडवर. तिथून सुरू झालं. पुढं ती पंधरा वर्षांची असताना नाशिकला विभागीय सामने होते, रात्रीचा मुक्काम होता, आणि अब्बा नाही म्हणाले. एकदाच म्हणाले, पण अब्बांचं एकदाच असायचं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात सर दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसले. एक शब्द बोलले नाहीत. विनवणी नाही, समजावणं नाही. चहा आला, प्यायले. गिऱ्हाइकं आली, गेली. ठिणग्या उडत होत्या आणि सर बसलेले. शेवटी अब्बांनाच ते सोसेना, त्यांनी मशीन बंद केलं, काळी काच कपाळावर सरकवली आणि म्हणाले, "घेऊन जा मास्तर. पण परत आणून सोडायची तुमीच."

सरांनी आणून सोडलं. आणि मग जणू ते काम त्यांनी आयुष्यभराचंच अंगावर घेतलं. कॉलेजला पाठवायचं झालं तेव्हा सर. नोकरीच्या वेळी संस्थेच्या लोकांना जाऊन भेटले ते सर. लग्न ठरताना रमीजच्या वडलांसमोर, सगळे पुरुष बसलेले असताना, पोरगी खेळत राहील बरं का, असं हसत हसत सांगून टाकलं तेही सरांनीच. तिच्या आयुष्यात जेवढी म्हणून दारं उघडली, त्या प्रत्येक दाराच्या कडीवर त्यांचा हात होता. आणि अजूनही, प्रत्येक सामना झाला की ती घरी येऊन आधी त्यांना फोन करायची — अमुक असं झालं, मी असा निर्णय दिला, बरोबर होतं ना सर? ते म्हणायचे, बरोबर होतं. मगच तिला भूक लागायची.

रमीज टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला. "कोणाचा होता?"

"सरांचा."

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. नंतर म्हणाला, "संध्याकाळी न्यायला येतो मी. बसनं येऊ नको."

*

मैदान सिमेंटचं होतं, एका शाळेच्या मागचं, आणि ऊन असं काही तिरपं झालं होतं की पश्चिमेकडच्या बास्केटकडं बघितलं की डोळे आपोआप बारीक व्हावेत. हवेत थंडी होती. कोल्हारहून टेम्पो भरून माणसं आली होती, मुलींच्या सामन्याला एवढी माणसं तिनं पूर्वी बघितली नव्हती. आया, भाऊ, कोणीकोणी शेतातून तसेच उठून आलेले. जिंकणारा संघ विभागीयला जाणार होता. टेबलाच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत वारे सर काळा चष्मा लावून बसले होते. त्यांच्या हातात काही नव्हतं. नुसते बघायला आलेले.

कोल्हारची नऊ नंबर, राजनंदिनी, उंच होती आणि तिला ते अजून नीट पेलत नव्हतं. चालताना खांदे पुढं घ्यायची. पण बॉल हातात आला की खांदे आपोआप मागे जायचे. अंजुमनं एकदाच तिच्याकडं नीट बघितलं आणि मग ठरवून फक्त नंबर बघितला. नऊ.

पहिली शिट्टी. पहिला फाऊल, कोल्हारवरच. मूठ खांद्यापासून वर गेली, कोपर सरळ, आणि एक श्वास तिथंच... तो श्वास किती मोठा असतो! त्यात सगळं मैदान थांबतं, कोणीतरी अहो मॅडम म्हणून ओरडतं, कुठूनसं शेंगदाण्याचं टरफल उडत येतं, आणि हात तिथंच असतो, आपलाच, आपल्यापासून कितीतरी उंच. टेबलापर्यंत चालत जायचं, पळायचं नाही. नंबर दाखवायचा. काय केलं ते दाखवायचं. दिशा. बस. तिला ते आवडलं. दुसऱ्या वेळी जास्त आवडलं. मध्यांतरापर्यंत ती अशी काही चालत होती की सुनील जवळून जाताना म्हणाला, "आज काय वेगळंच, मॅडम!"

पण चेहरा सुट्टीवर गेला की माणूस कुठं जातं? ती आत होती. बाहेर सगळं बंद, नीटनेटकं, आणि आत ती, बाकाच्या बाजूनं पळायची वेळ आली की अंग चोरणारी. कारण तिथून आवाज यायचा. ओरडून नाही. ओरडणाऱ्यांचं काही नव्हतं, ते वरून जायचं. हा आवाज खालून यायचा, फक्त तिच्यापुरता.

"पोरी, त्या चार नंबरचं कोपर बघ. मी काय म्हनत न्हाई. नुसतं बघ."

पुढच्या फेरीला, "दमलीस का? पानी पी."

आणि त्याच्या पुढच्या, "बघितलंस न्हवं? असू दे, असू दे."

ते असू दे. चार नंबरचं कोपर तिनं बघितलं होतं. फाऊल नव्हता. पण असू दे म्हटल्यावर झालेला असायचा, आणि माफही झालेला असायचा. तिसऱ्या डावात सर बाकापुढची रेघ ओलांडून आत आले तेव्हा ती त्यांच्याकडं गेली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघत म्हणाली, "सर, बाकापाशी राहा. ही ताकीद आहे."

"व्हय व्हय," ते म्हणाले, आणि मागे झाले. शहाण्या मुलासारखे. ती वळून पुन्हा जागेवर गेली. एवढंच? एवढंच होतं का?

आणि मग पश्चिमेकडच्या बास्केटखाली दोघी मुली एकमेकींवर आपटल्या, बॉल रेषेबाहेर गेला, अंजुमनं उघडा पंजा वर केला, दिशा दाखवली — बॉल नगरच्या संघाचा. कोल्हारच्या बाजूनं गलका उठला. शिव्याही आल्या एकदोन. तिनं हात खाली घेतला नव्हता, अजून श्वास संपायचा होता, एवढ्यात पाठीवर एक हात पडला. ओळखीचा, जड, उबदार. सर मैदानाच्या आत, तिच्या शेजारी उभे होते. ते तिच्याशी बोलत नव्हते. लोकांकडं तोंड करून, दुसऱ्या हातानं लोकांना गप्प करत ते म्हणत होते, "ए, शिव्या देऊ नगा! तिच्या डोळ्यावर ऊन येतंय. तिला दिसलं न्हाई. व्हतं आसं. आपलीच पोरगी हाय."

तिला दिसलं होतं.

बॉल नऊ नंबरच्या बोटांना लागून बाहेर गेलेला तिला अगदी स्वच्छ दिसला होता. कोणी तिला आंधळी म्हटलं असतं, विकली गेलेली म्हटलं असतं, तरी चाललं असतं... पण हा माणूस तिला सोडवत होता. सगळ्यांच्या देखत, प्रेमानं, तिच्या न केलेल्या चुकीतून तिला सोडवून घरी आणून पोचवत होता. पाठीवरचा हात हलत नव्हता. मी पंधराची आहे, बाकड्यावर सर बसलेत, अब्बांच्या मशीनचा आवाज थांबलाय...

शिट्टी वाजली. दात रुतले नाहीत. आवाज आधी आला. ती एक पाऊल बाजूला झाली, पाठीवरचा हात सुटला, आणि तिचे दोन्ही हात छातीपुढं वर आले — एक पंजा उभा, दुसरा त्याच्या टोकावर आडवा. टी. टेक्निकल फाऊल, गैरवर्तनाचा, कोल्हारच्या प्रशिक्षकावर. एक श्वास. कुठं काही मोडलं नाही. ती टेबलाकडं चालत गेली, पळाली नाही, आणि तिथं पुन्हा दाखवलं.

सगळं मैदान गप्प झालं. या जिल्ह्यात आप्पासरांना कोणी टी दिली नव्हती. द्यावी असं ते वागतच नसत. तिच्या पाठीमागं ती शांतता पसरत होती आणि तिला वाटलं, आता. आता काहीतरी तुटेल. तुटू दे. ती वळली.

सर हसत होते. पांढरी टोपी काढून त्यांनी बगलेत धरली होती आणि टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "बघा!" ते लोकांकडं वळून ओरडले. आज पहिल्यांदाच ओरडले. "ह्याला म्हनत्यात पंच! आप्पासाहेबाला बी सोडलं न्हाई. आसं शिकिवलंय मी! माझी पोरगी हाय ती!"

आणि लोक हसले. टाळ्या पडल्या. कोल्हारच्या आयाबाया, ज्या घटकाभरापूर्वी बोटं मोडत होत्या, त्याही कौतुकानं बघायला लागल्या. नगरच्या मुलीनं फ्री थ्रो मारला, तो रिंगवर आपटून बाहेर गेला. म्हणजे त्या टीचा गुणसुद्धा झाला नाही. खेळ पुन्हा सुरू झाला. अंजुम पळत होती. हात बरोबर होते, पाय बरोबर होते. आत तिला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. तीसुद्धा त्यांचीच निघाली. मी दिलेली टी — ती एकच गोष्ट, जी मी त्यांच्याविरुद्ध केली... तीही त्यांनीच शिकवलेली. दार आपण ढकललं म्हणावं, तर कडीवर आधीच तो हात.

शेवटच्या डावात दोन्ही संघ पुढंमागं होत राहिले. आप्पासर एक शब्द बोलले नाहीत, रेघेमागं बाकावर बसून राहिले, तृप्त. शेवटची काही सेकंद उरली तेव्हा कोल्हार एका गुणानं मागे होतं आणि बॉल नऊ नंबरकडं होता. अंजुम पूर्वेकडच्या बास्केटखाली, शेवटच्या रेषेवर. ऊन आता उतरलं होतं. राजनंदिनी आली. खांदे मागे, लांब ढांगा, एकीला चुकवून, दुसरीच्या अंगावरून वर उठली, दुसरीही उठली, नगरच्या मुलीची पाठ क्षणभर मधे आली, निळा सदरा, त्यावरचा घामाचा डाग — आणि चट् असा आवाज झाला. तळव्याचा. बॉलवर पडलेला, की मनगटावर? बॉल घरंगळला. राजनंदिनी सिमेंटवर पडली.

शिट्टी दातांत होती. हात वर जायला निघाला होता की नव्हता...

गेला नाही. भोंगा वाजला. नगरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सुनील लांब, मध्यरेषेपाशी, तिच्याकडं बघत होता. जवळची ती होती, निर्णय तिचा होता. तिनं चेहरा जागेवर ठेवला. राजनंदिनी बसल्या जागी उजवं मनगट डाव्या हातात धरून तिच्याकडं बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती, आता मॅडम काहीतरी करतील अशी.

लागला होता का?

बॉलवरच पडला हात, मी आवाज ऐकला. नाही, आवाजानं काय कळतं? मधे पाठ होती. मग दिसलं नसेल तर अंदाजानं फाऊल द्यायचा नाही, नियमच आहे तो, मी नियम पाळला. पण नियम तेव्हा आठवला, की आत्ता आठवतो आहे? की... आणि इथं तिचं मन एका कडेला येऊन थांबलं, खाली बघायला तयार होईना. समजा, पडलेली मुलगी नगरची असती. समजा, बाकावर दुसरा कोणी असता, मगाशी टाळ्या न वाजवलेला. तर हात वर गेला असता?

वारे सर उठून आले. "छान," ते म्हणाले. "आज हातांनी काही मागितलं नाही. माझ्याकडून तुमचं नाव जाईल." मग चष्मा काढून, सहज, "शेवटचं ते माझ्या बाजूनं नाही दिसलं. तुम्ही जवळ होता."

"हो सर."

"झालं तर."

आणि त्यांच्या पाठीमागून आप्पासर आले. टोपी हातातच. इतक्या जवळून बघितल्यावर ते आणखीच म्हातारे दिसले, डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर झाक, आणि त्यांनी मान एका बाजूला केली नाही, आवाज मऊ केला नाही. साधं, एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तसं विचारलं, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"तिच्या मनगटाला लागला का गं हात? मला लांबचं दिसत न्हाई आता."

इतक्या वर्षांत सरांनी तिला काही विचारलं, असं झालं नव्हतं. विचारायची ती. तिला वाटलं, आता सांगावं — सर, मला नीट दिसलं नाही. सर, मला माहीत नाही. सर, तुम्हीच सांगा ना, बरोबर होतं का. तोंड उघडलं. चेहरा सुट्टीवर होता.

"नाही सर," ती म्हणाली. "नाही लागला."

आवाज स्वच्छ होता. खांद्यापासून उचललेला.

सरांनी मान हलवली. जरा खाली बघितलं, मग टोपी डोक्यावर घातली. "मंग झालं. तू म्हन्तीस मंजी न्हाईच लागला." आणि ते वळले, राजनंदिनीपाशी गेले, गुडघे धरत तिच्यासमोर बसले. अंजुमला त्यांची पाठ दिसत होती आणि आवाज ऐकू येत होता. "उठ बाळा. मॅडमनी बघितलंय. न्हाई लागला." मुलीनं मनगटाकडं बघितलं, मग अंजुमकडं, मग पुन्हा मनगटाकडं, आणि थोड्या वेळानं तिनं मनगट सोडून दिलं.

*

रमीज फाटकापाशी गाडी घेऊन उभा होता. ती मागे बसली. दिल्लीगेटच्या अलीकडं गर्दी लागली, एसटी, रिक्षा, उसाची एक ट्रॉली, सगळं एकमेकांत अडकून थांबलेलं; पुढच्या बसवर अहिल्यानगर अशी नवी पाटी होती आणि कंडक्टर दारातून नगर, नगर म्हणून ओरडत होता.

"कसं झालं?" रमीजनं मान मागे न वळवता विचारलं.

"छान झालं. नाव जाणार आहे."

"अरे वा! मग गप्प का?" आणि मग, "सरांना फोन झाला का?"

"ते तिथंच होते."

"हां, खरंच की."

फोन करायचा नव्हता. आज नाही, आणि या एका गोष्टीबद्दल पुन्हा कधीच नाही. त्यांनी विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते घेऊन एका मुलीच्या हातात दिलं होतं. आता ते कुठल्याही बाजूनं परत घेता येणार नव्हतं. सामन्यातलं सगळं, ती टीसुद्धा, टेम्पोत बसून कोल्हारला निघालं असेल, सर सगळ्यांना रंगवून सांगत असतील. तेवढं एकच राहिलं होतं. न वाजलेली शिट्टी. ती कोणी शिकवली नव्हती, तिच्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ती कोणाच्याच हवाली करता येत नव्हती. भीती वाटत होती. पण त्या भीतीत दुसरं कोणी नव्हतं. तिथं ती एकटी, आणि तिला कळेना की ही मोकळी जागा आहे, की बाहेरून कडी घातलेली आणखी एक खोली.

गाड्या हलल्या, पुन्हा थांबल्या. हॉर्न वाजत होते. तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं — लागला होता. मग म्हणून पाहिलं — नाही लागला. पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. कुठंतरी आवाज कापेल, एखादं कोपर मोडेल, म्हणजे खोटं कुठलं ते कळेल, म्हणून ती कान देऊन ऐकत होती. दोन्ही सारखीच येत होती, सरळ, नीट, एक श्वास वर थांबून.